‘बरा झाला म्हणजे कसा झाला?’ : एका मनोविकार ओपीडीचा अनुभव

पाचपैकी चार तारे देतेय. एक का कापला ते खाली येईलच. आधी लिहिलं तर लोक तेवढंच वाचून पुढे जातात.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टा बांधायचा, शीर शोधायची, ट्यूबवर नाव लिहायचं. त्यामुळे कुठल्याही दवाखान्यात शिरले की माझी नजर सोफे आणि एसीकडे जात नाही. हे लोक विचारतात काय, लिहितात काय आणि पेशंटचं नाव दोनदा तपासतात का, एवढंच मी बघते. या ओपीडीचं नाव देत नाही, कारण दादा अजून तिथे जातो आणि तिथल्या रांगेत त्याला कुणी ओळखावं अशी माझी इच्छा नाही. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. सुतारकाम करतो. त्याला विचारूनच लिहितेय. त्याने मजकूर वाचला, दोन वाक्यं खोडली आणि “बाकी राहू दे” म्हणाला.

तिथे जायच्या आधी त्याचे उपचार दुसरीकडे चालू होते. पहिल्या भेटीत त्याला एक छापील कागद दिला होता. मानसिक आरोग्याच्या कुठल्याही ठिकाणी हा कागद हमखास भेटतो, म्हणून त्याबद्दल थोडं लिहिते. त्याचं नाव पीएचक्यू-९. नऊ प्रश्न असतात: कशातच रस न वाटणं, उदास वाटणं, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा उलट अस्वस्थ येरझाऱ्या, आणि नववा प्रश्न जीव नकोसा होण्याचा. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. पाचच्या पुढे सौम्य, दहाच्या पुढे मध्यम, वीसच्या पुढे तीव्र. २००१ मध्ये त्याची शास्त्रीय पडताळणी छापून आली. तेव्हापासून जगभर वापरतात, वापरायला पैसेही पडत नाहीत. कागद चांगला आहे. “मला काही झालेलं नाही” म्हणणारा माणूसही पेन हातात घेतल्यावर खरं लिहितो, हे मी दादाच्या बाबतीत पाहिलं. तोंडाने त्याने कधी कबूल केलं नसतं की सकाळी पटाशी हातात घ्यायचीसुद्धा त्याला भीती वाटते.

पण तो कागद विचारतो फक्त गेल्या दोन आठवड्यांबद्दल. त्याआधी माणूस कसा होता, हा त्याचा विषयच नाही. हिमोग्लोबिन सात आलं तर रक्त कमी आहे एवढं आमची लॅब सांगते. ते लोह कमी पडल्यामुळे, कुठून रक्त जातंय म्हणून, की आणखी कशाने, ते पुढे शोधावं लागतं. तिथे पुढचं शोधणं झालंच नाही. गुण मोजले, तीव्र आले, डिप्रेशनची गोळी लिहिली, महिन्याने या म्हणाले.

आणि दादा महिन्याच्या आत बरा झाला!

म्हणजे घरात सगळ्यांना तसं वाटलं. महिनोन्‌महिने पांघरूण डोक्यावर घेऊन पडणारा माणूस पहाटे उठून कारखान्यात जायला लागला. बोलायला लागला, हसायला लागला, जुन्या गिऱ्हाइकांना फोन करायला लागला. आई म्हणाली, “आता कसा माणसात आला.” पुढच्या तपासणीला हेच सांगितलं गेलं. डॉक्टर खूश झाले आणि तीच गोळी चालू राहिली. मग रात्री अडीचला रंध्याचा आवाज यायला लागला. एकाच वेळी चार कपाटांची कामं उघडली, एकही पुरं नाही. कर्ज काढून दुसरं लाकूड कापायचं मशीन आणलं, ते ठेवायला जागा नव्हती. वहिनीने हिशेब विचारला तर तिच्यावर असा ओरडला की पोरं खोलीत जाऊन बसली. आणि मग एके दिवशी सगळं खाली आलं, पहिल्यापेक्षा खोल. या वेळी पडून राहणंही शांत नव्हतं. अंगात कसलीतरी धग आणि डोक्यात मरणाचे विचार, दोन्ही एकदम. वहिनीने त्या दिवशी वेळ घालवला नाही. तातडीच्या विभागात नेलं, तिथून या ओपीडीत पाठवलं.

आता मूळ मुद्दा, पहिली भेट.

आधी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी माहिती घेतली, मग मोठ्या डॉक्टरांनी. मिळून तासाच्या वर. मी दादाजवळ बसले होते. झोपेबद्दल त्यांनी जे विचारलं, ते मला अजून शब्दशः आठवतं. आधीच्या ठिकाणी “झोप लागते का?” एवढाच प्रश्न होता. इथे त्यांनी विचारलं, “तुम्ही कधी तीन-चार तासच झोपलात आणि तरी दुसऱ्या दिवशी एकदम ताजेतवाने होतात, असं झालंय?” दादा पहिल्यांदा मान वर करून म्हणाला, “हो, पण तो तर चांगला काळ होता ना.” डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. म्हणाले, “त्या चांगल्या काळाबद्दल सांगा.”

झोप न लागणं आणि झोपेची गरजच न वाटणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिप्रेशनचा किंवा काळजीने पोखरलेला माणूस रात्रभर कुस बदलतो आणि सकाळी मेल्यासारखा उठतो. दुसरा प्रकार असलेला माणूस कमी झोपतो आणि थकतच नाही. दहा वर्षं लॅबमध्ये काम करूनही हा फरक मला त्या खोलीत कळला, आणि आता ओळखीत कुणी झोपेची तक्रार केली की मी आधी तोच प्रश्न विचारते.

मग दादाची परवानगी घेऊन त्यांनी वहिनीला एकटीला आत बोलावलं. परवानगी घेतली हे मुद्दाम लिहितेय. दादा बाहेर बसून काय काय कल्पना करत असेल, याचा त्यांनी विचार केला होता. वहिनी म्हणाली, गोळ्यांनी ते बरे झाले होते, मग परत बिघडलं. त्यावर डॉक्टर म्हणाले, “बरा झाला म्हणजे कसा झाला? कामाला लागला एवढंच, की नेहमीपेक्षा वेगळा?” मग एकेक करत विचारलं. बोलणं भरभर होतं का? मध्येच विषय बदलायचे का? पैसे कसे खर्च केले? चिडचिड होती का? असं आधीही झालं होतं का, लग्नाआधी, कॉलेजात? किती दिवस टिकायचं? वहिनी आठवत गेली आणि एकेक बाहेर येत गेलं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षीही असाच एक महिना गेला होता, तेव्हा सगळ्यांनी त्याच्या उत्साहाचं कौतुक केलं होतं. घराण्यात कुणाला असं होतं का, हेही विचारलं. आम्हाला आत्या आठवली. घरात तिला लहरी म्हणायचे. महिनाभर घर डोक्यावर घ्यायची आणि मग दार लावून बसायची. तिच्याबद्दल डॉक्टरांनी आमच्यापेक्षा जास्त प्रश्न विचारले.

त्या दिवशी त्यांनी रोगाचं नाव ठोकून दिलं नाही. “मला बायपोलरची शक्यता वाटते, दुसऱ्या प्रकारच्या,” म्हणाले, आणि समजावून सांगितलं. बायपोलर म्हणजे मन कधी खूप वर चढतं आणि कधी पार खाली जातं असा आजार. चढता काळ सलग चार दिवस किंवा जास्त टिकला, लोकांना फरक दिसला, पण दाखल करायची किंवा वास्तवाचं भान सुटायची वेळ आली नाही, तर तो हायपोमेनिया. आठवडाभर किंवा जास्त टिकून माणसाचा संसार, नोकरी सगळं उधळून लावणारा, कधी इस्पितळात न्यावं लागणारा, तो मेनिया. दुसऱ्या प्रकारात मेनिया नसतो. हायपोमेनिया असतो आणि डिप्रेशन. रुग्ण दवाखान्यात येतो तो डिप्रेशनमध्येच. चढत्या काळात तो कशाला येईल? त्याला तर आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटत असतं. म्हणून हा आजार सुरू झाल्यापासून त्याचे नेमके उपचार मिळेपर्यंत सरासरी सहाएक वर्षं निघून जातात. आणि बायपोलरच्या माणसाला नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर काहींची गाडी वर उधळते. दादाचं ‘बरं होणं’ तेच असावं, असं ते म्हणाले. ‘असावं’ म्हणाले, हे मला आवडलं.

थायरॉइड, बी-बारा, रक्त, किडनी, कॅल्शियम अशा तपासण्या लिहिल्या. थायरॉइड मंदावलं तरी माणूस हुबेहूब डिप्रेशनसारखा दिसतो, त्यामुळे ही तपासणी न करता वर्षानुवर्षं गोळ्या देणाऱ्यांबद्दल माझं मत चांगलं नाही. जुनी गोळी एकदम बंद केली नाही, टप्प्याटप्प्याने कमी केली. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, पण एकदम सोडल्या तर चक्कर, मळमळ, डोक्यात झटके बसल्यासारखं होणं असा त्रास होऊ शकतो. दादाने मागे एकदा स्वतःच बंद करून बघितली होती, त्यामुळे त्याला हे सांगायला लागलं नाही.

आणि लिथियम सुरू केलं.

हे नाव ऐकून वहिनी घाबरली, कारण बॅटरीतलं लिथियम तिला माहीत होतं. डॉक्टरांनी सांगितलं की हे औषध फार जुनं आहे. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या मानसोपचारतज्ज्ञांनी मेनियाच्या रुग्णांवर ते वापरून निष्कर्ष प्रसिद्ध केले. या आजारात आत्महत्येचा धोका कमी करणारं म्हणून त्याच्याइतका पुरावा क्वचितच दुसऱ्या औषधाच्या पाठीशी आहे. त्यातली गोम अशी की उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडं आहे. म्हणून रक्तातली पातळी मोजत राहायची. कायम चालू ठेवायच्या उपचारात ती साधारण ०.६ ते ०.८ ठेवतात. दीडच्या वर गेली तर धोका.

इथे माझं घोडं पुढे आलं. लिथियमची पातळी मोजणं हे आमचंच काम, आणि त्यात जेवढा घोळ होतो तेवढा मी दुसऱ्या कुठल्या तपासणीत पाहिलेला नाही. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी घ्यायचं असतं. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला. गोळी घेऊन दोन तासांनी आलेला माणूस खोटा जास्त आकडा घेऊन जातो, आणि त्यावरून कुणी डोस कमी केला तर पुढचा महिना वाया. सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर पाच ते सात दिवस थांबून मगच तपासायचं. दुसरा घोळ ट्यूबचा. हिरव्या झाकणाच्या ट्यूबा मिळतात, त्यात रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन असतं. बऱ्याच हिरव्या ट्यूबांमधलं हेपॅरिन हे लिथियम हेपॅरिन असतं! म्हणजे ज्याने आयुष्यात लिथियमची गोळी पाहिली नाही, त्याचाही रिपोर्ट लिथियम दाखवेल. त्यामुळे लाल झाकणाची साधी ट्यूब वापरायची. या ओपीडीने तपासणीच्या चिठ्ठीवर गोळीची वेळ, रक्त घ्यायची वेळ आणि ‘साध्या ट्यूबमध्ये’ असे तिन्ही मुद्दे छापलेले होते. मी इतक्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या हाताळते, एवढी नीट चिठ्ठी क्वचित येते. एक पूर्ण तारा या चिठ्ठीचा.

घरी काय सांभाळायचं तेही नीट सांगितलं. जुलाब, उलट्या, खूप घाम, पाणी कमी पिणं, अचानक मीठ तोडणं या सगळ्यांनी पातळी चढते. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, ब्लडप्रेशरची काही औषधं आणि लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनीही चढते. सुताराची पाठ रोज दुखते आणि मेडिकलवाला विचारलं की गोळी देतो, त्यामुळे दादाच्या बाबतीत हे फार कामाचं निघालं. हात जाडसर थरथरणं, बोलणं अडखळणं, चालताना तोल जाणं, सतत उलट्या असं दिसलं तर पुढची गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठायचा. बारीक कंप आणि जास्त तहान हे मात्र साधे दुष्परिणाम, ते दादाला आहेत. बारीक कोरीवकामाला कंपाचा त्रास होतो, याबद्दल तो कुरकुरतो, आणि डॉक्टरांनी ती कुरकुर लिहून घेऊन डोस थोडा खाली आणला. वजन वाढलं, ते अजून उतरलेलं नाही.

गोळ्यांबरोबर त्यांनी तिथल्याच मानसशास्त्रज्ञ बाईंकडे पाठवलं. दादाच्या मनात होतं की तिथे लहानपणाबद्दल रडायला लावतील. त्यांनी एक तक्ता दिला. अंथरुणातून किती वाजता उठलात, दुसऱ्या माणसाशी पहिलं बोलणं किती वाजता झालं, काम कधी सुरू केलं, रात्री कधी जेवलात, कधी झोपलात. रोज या पाच गोष्टींच्या वेळा लिहायच्या, बस. हे बायपोलरसाठीच बसवलेल्या एका थेरपीतलं आहे, एलन फ्रँक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विकसित केलेली. रोजच्या वेळा विस्कटल्या की शरीराचं आतलं घड्याळ विस्कटतं आणि त्यामागे मूड, असं त्यामागचं तत्त्व. मोजमाप घेणाऱ्या माणसाला हे बरोबर पटलं. कानावरची पेन्सिल काढून तो तक्ता भरतो. एकदा सलग काही रात्री झोपायची वेळ पुढे सरकत गेलेली त्याला स्वतःलाच तक्त्यात दिसली आणि त्याने तारखेच्या आधी दवाखाना गाठला. डोस वेळेवर बदलला, रंधा रात्री वाजला नाही.

पूर्वलक्षणांची यादीही बाईंनी छापील दिली नाही, त्याच्याकडून लिहून घेतली. त्याच्या यादीत आहे: तीनपेक्षा जास्त कामं एकदम उघडणं, गिऱ्हाइकाला रात्री दहानंतर फोन करणं, ‘सगळे फार हळू चालतात’ असं वाटणं. खाली उतरतानाचं पहिलं लक्षण त्याने लिहिलंय, हत्यारांना धार न लावणं. पुस्तकात हे सापडायचं नाही. मोठी खरेदी करायची तर वहिनीची सही आणि दोन दिवसांची वाट, हेही तो बरा असताना त्यानेच कबूल केलेलं आहे. वहिनी त्याला आता “तुमचा तक्ता बघू” एवढंच म्हणते. पूर्वी ती “तुम्ही परत तसं करताय” म्हणायची आणि भांडण व्हायचं.

आता तक्रारी.

पहिली भेट तासाची, पण पुढच्या भेटी दहा मिनिटांच्या, त्याही दोन तास बसल्यावर. डॉक्टर बदलत राहतात. नव्या डॉक्टराला सगळी कथा पहिल्यापासून सांगायची. दादाने शेवटी एका पानावर आजाराची टिपणं, आतापर्यंतची औषधं, डोस आणि लिथियमचे आकडे लिहून ठेवले. ते पान तो आधी टेबलावर ठेवतो आणि मग बसतो. कुठेही उपचार घेत असाल तर असं पान करा, त्याने दहातली पाच मिनिटं वाचतात. मानसशास्त्रज्ञ बाईंची वेळ मिळता मिळत नाही. बाहेर शिपाई पूर्ण नावाने मोठ्याने हाक मारतो, त्याऐवजी नंबर पुकारायला काय जातं? मी सांगितलं तेव्हा “वर कळवा” म्हणाले. वर कळवलं. हाका चालूच आहेत.

तारा कापला तो फोनसाठी. लिथियमच्या रुग्णाला “काही वाटलं तर फोन करा” म्हणून नंबर देतात आणि तो दुपारनंतर कुणी उचलत नाही. दादाला जुलाब लागले तेव्हा आम्ही घंटी वाजवत बसलो. मला काय करायचं ते माहीत होतं. लॅबमध्ये काम न करणाऱ्या घरात काय होत असेल?

ज्यांना डिप्रेशनच्या एक-दोन औषधांनी गुण आला नाही, किंवा गोळी सुरू केल्यावर चमत्कार झाल्यासारखं एकदम बरं वाटून पुन्हा कोसळले, त्यांनी अशा ठिकाणी नक्की जावं, आणि जाताना असं माणूस बरोबर न्यावं ज्याने तुमचे चांगले दिवसही पाहिलेत. पण आज, आत्ता जीव द्यावासा वाटत असेल किंवा घरातलं कुणी तसं बोलत असेल, तर ओपीडीच्या तारखेची वाट बघू नका. त्याला एकटं सोडू नका, गोळ्यांचा डबा आणि धारदार वस्तू हाताशी ठेवू नका आणि थेट तातडीच्या विभागात न्या. तिथे रात्रीही डॉक्टर असतात, फोन लागायची वाट बघावी लागत नाही.